तिसरी मशीन

ताराचंदचं बीपी म्हणजे घरातला जावईच. सावनेरच्या खाणीतून रिटायर झाल्यावर त्याला ते निघालं, आणि गेली सहा वर्षं त्याची बायको मनकर्णा त्याची सरबराई करत होती. नवऱ्याचं वरण अळणी, गोळी ठरल्या वेळी, सकाळी चहाच्या आधी दंडाला पट्टा आणि आकडा वहीत. स्वतःच्या ताटात मात्र मिरचीचं लोणचं आणि वरून चिमूटभर मीठ. ताराचंदनं टोकलं तर म्हणायची, "मले काय धाड भरली जी?"

बाई होतीही तशी धडधाकट. तीस वर्षं बाजारात भाजी विकलेली. माल तोलायच्या आधी काट्यावर खात्रीचं वजन टाकून बघायचं, हा तिचा कायदा. तोच कायदा तिनं बीपीच्या मशीनला लावला. दर रविवारी पट्टा आधी स्वतःच्या दंडाला, मग नवऱ्याच्या. आपण ठणठणीत, म्हणजे आपला आकडा वाढला की मशीन खोटी! सहा-सात महिने ती चालवून घ्यायची, मग बदलायला लावायची. दोन मशिनी ताराचंदनं स्वतः दुकानात परत दिल्या होत्या. "आमच्या हिच्यावर तपासून पाह्यली," असं वर ऐटीत सांगूनही आला होता.

तिसरी मशीन आठवड्यातच खोटी निघाली. या वेळी मनकर्णा स्वतः दुकानात गेली. ताराचंद मागून, वहीची पिशवी घेऊन.

"संघपाल, लबाडा! दोनशे बारा सांगून राहिली मले!"

मेडिकलवाला पोरगा संघपाल हसला. त्यानं पट्टा आपल्या दंडाला बांधला. एकशे अठरा. ताराचंदला बांधला. एकशे तीस. दुकानातली दुसरी, नवीकोरी मशीन खोक्यातून काढून मनकर्णाला बांधली.

दोनशे दहा.

पोराचं हसू मावळलं. "मावशी, खाली बसा."

"काहून? पायी आली ना मी. डोकं नाही दुखत, काही नाही."

ताराचंदच्या पायाखालची जमीनच सरकली. बीपी तर त्याचं होतं! हिला कसं काय? दोघांना रिक्षात बसवून संघपालनं थेट दवाखान्यात पाठवलं.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा मोजलं, गोळी दिली, रक्त-लघवी तपासायला पाठवली, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं. संध्याकाळी रिपोर्ट बघताना त्यांचा आवाज खाली आला. "किडनीचं निम्मं काम गेलं आहे. ते परत येत नाही. उरलेलं वाचवायचं. कधीपासून आहे हे बीपी?"

"आजच निघालं जी," मनकर्णा म्हणाली.

"दुखलं-खुपलं नाही म्हणून कळलं नाही. बीपी असंच आतून पोखरतं. आधी कधी मोजलं होतं?"

ताराचंदनं वही पुढे केली. दर महिन्याला तो ती दवाखान्यात आणायचा आणि आपली पानं दाखवायचा. मनकर्णानं मागच्या बाजूला बोट दाखवलं. बाईंनी वही उलटी धरली आणि मागची पानं उघडली. मनकर्णाचं चौथीपर्यंत शिकलेलं अक्षर होतं. एकशे अठ्ठ्याण्णव, मशीन खराब. दोनशे चार, मशीन खराब. एकशे नव्वद, मशीन खराब. चौदा महिन्यांचे रविवार.

अरे देवा! चौदा महिने ही वही त्याच्या काखेत होती.

मनकर्णानं त्या पानावरून बोट फिरवलं. "म्हंजे मशिनी खऱ्या होत्या?" मग तिचा चेहरा कसनुसा झाला. "त्या पोराले मी लबाड म्हटलं वं माय."

"मशिनी गेल्या खड्ड्यात, मनकर्णा!" ताराचंद ओरडला आणि तिथंच, सगळ्यांसमोर, हमसून हमसून रडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सवयीनं पट्टा आणून त्याचा दंड धरला. त्यानं पट्टा काढून घेतला आणि तिच्या दंडाला गुंडाळला. दोनदा चुकला. मशीन घरघरली, थांबली. एकशे शहात्तर.

त्यानं वहीचं नवं पान उघडलं, वर तिचं नाव लिहिलं, खाली आकडा. मनकर्णाचा हात पेनाकडे गेला. पुढचे दोन शब्द तिला सवयीनं लिहायचे होते.

त्यानं पेन दिलं नाही.