दिपमालाबाईंची उजवी कुबडी

मित्रांनो, मी सागाच्या लाकडाची एक जुनी कुबडी आहे. माझं नाव ऐकूनच काही जण तोंड वळवतात, हे मला ठाऊक आहे. घरात कुबडी आली की माणसं गप्प होतात. पण माझी हकिगत ऐकलीत तर तुमचं माझ्याविषयीचं मत थोडं तरी बदलेल असं मला वाटतं.

माझा जन्म धुळ्यात, धनसिंग मिस्त्रींच्या दुकानात झाला. त्यांनी एका फळीतून आम्हा दोघी बहिणींना घडवलं, एक डावी आणि एक उजवी. मी उजवी. उंची कमी-जास्त करता यावी म्हणून त्यांनी आमच्या पायात भोकं पाडून स्क्रू बसवले आणि टोकाला रबरी बूट चढवले. पॉलिश सुकल्यावर त्यांनी आम्हाला काखेत धरून दुकानात स्वतःच दोन फेऱ्या मारल्या. मग खूश होऊन म्हणाले, "वा! पडायची भीतीच नाही."

आम्ही आधी एका रिक्षावाल्या काकांकडे होतो. त्यांचा पाय बरा झाल्यावर त्यांनी आम्हाला जळगावला, पिंप्राळ्यातल्या जीवराम नानांकडे आणून दिलं. नाना निवृत्त कंपाउंडर. घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी वॉकर, चाकाची खुर्ची, कमोडची खुर्ची असं आजारी माणसाला लागणारं सामान ठेवलं आहे. ज्याला गरज असेल त्याने न्यावं, बरं झालं की परत आणून द्यावं, एवढाच त्यांचा नियम. त्या खोलीतून आम्ही किती घरं पाहिली! पाचोऱ्याच्या एका आजोबांना आम्ही देवळापर्यंत नेलं. घसरून पडलेल्या एका नवरदेवाला तर आम्ही थेट बोहल्यावर चढवलं. पण ज्या घराने मला सगळ्यात जास्त शिकवलं, ते घर दिपमालाबाईंचं.

दिपमालाबाई जळगावच्या एका शाळेत खेळाच्या शिक्षिका. खो-खो हा त्यांचा जीव. मैदानावर मुलींना नुसतं सांगून त्यांचं समाधान होत नसे. ओढणी कमरेला खोचून त्या स्वतः पळायच्या, खांबाला वळसा घालून दाखवायच्या. पती प्रेमराज रेल्वेत नोकरीला, भुसावळला रोज ये-जा करणारे. आणि घरात सासूबाई बेबाबाई, शिंदखेड्याकडच्या, बारीक चणीच्या, गुडघेदुखीने त्रासलेल्या, पण आपल्या अहिराणी बोलण्यात खणखणीत.

दिवाळीच्या सुट्टीत दिपमालाबाई कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर कोकणात गेल्या होत्या. तिथे खाडीत वॉटर स्कीइंगचा खेळ होता. पायात दोन लांब फळ्या बांधायच्या, हातात दोरी धरायची आणि पुढे धावणाऱ्या मोटरबोटीने आपल्याला पाण्यावरून ओढत न्यायचं. शिकवणाऱ्याने बजावलं होतं, "गुडघे छातीशी ठेवून बसून राहा. उठायची घाई करू नका, बोटच तुम्हाला उचलेल." दोनदा त्या पाण्यात पडल्या. तिसऱ्या वेळी चक्क उभ्या राहिल्या. चौथ्या वेळी त्यांना धीर धरवला नाही. बोटीने वेग घेण्याआधीच त्यांनी पाय ताठ केले. फळ्यांची टोकं पाण्यात रुतली, शरीर पुढे ओढलं गेलं आणि डाव्या मांडीत मागच्या बाजूला फट्‌ असा आवाज झाला. पाण्यातसुद्धा तो आपल्याला ऐकू आला, असं त्या नंतर सांगत.

मांडीच्या मागचे स्नायू बैठकीच्या हाडापासून सुटले होते. जळगावला आणून ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "स्नायू परत हाडाला शिवलेत. सहा आठवडे पाय जमिनीला टेकायचा नाही आणि बसायचंही नाही. नेमाने वागलात तर पुन्हा पळाल. घाई केलीत आणि टाके सुटले, तर मात्र मी काही सांगू शकत नाही."

आम्हाला न्यायला बेबाबाई स्वतः आल्या. नानांनी सुनेची उंची विचारून स्क्रू बसवले. बेबाबाईंनी आमच्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "लाकूड खरखरीत शे. मन्ही सून नाजूक नही, पन काखमा टोचाले नको." त्या दुपारी त्यांनी आपल्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा काढला, कापूस भरला आणि आमच्या डोक्यांवर दोन गाद्या शिवल्या. इतक्या वर्षांत आमच्यासाठी कुणी असं काही केलं नव्हतं, मित्रांनो.

दिपमालाबाईंना मात्र आम्ही नकोशा होतो. त्यांचा गुडघा वाकवलेलाच राहावा म्हणून पट्ट्याने बांधला होता. पलंगावर पालथं पडायचं किंवा आमच्या आधाराने उभं राहायचं, दोनच गोष्टी त्यांना जमत. सुरुवातीला त्या सगळा भार काखेवर टाकायच्या, त्यामुळे हाताला मुंग्या यायच्या आणि त्या आम्हाला भिंतीवर ढकलून द्यायच्या. नाना एकदा पाहायला आले आणि त्यांनी समजावलं, "ताई, काखेवर लोंबायचं नाही. भार तळहातांवर घ्या." तेव्हा कुठे आमचं जुळलं.

जेवणाची मोठी पंचाईत होती. बसता येत नाही, पडून खाल्लं तर ठसका लागतो. मग दिपमालाबाई स्वयंपाकघराच्या ओट्याशी आम्हाला काखेत धरून उभ्याने जेवू लागल्या. पहिल्याच दिवशी बेबाबाईंनी आपलं ताट उचललं आणि त्या सुनेशेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"आई, तुमचे गुडघे दुखतात. तुम्ही बसा ना खाली."

"तू उभी ऱ्हाईसन खाशी तं मी बी उभीच खासू. एकटं खावाले गोड लागत नही."

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ त्या दोघी ओट्याशी उभ्याने जेवायच्या. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, कधी शेवभाजी. बेबाबाई मधूनच या पायावरून त्या पायावर भार टाकत, पण बसल्या मात्र एकदाही नाहीत.

नातेवाईक भेटायला यायचे आणि बोलून जायचे. "लग्न झालेल्या बाईने पाण्यात कशाला खेळावं?" "वयाची तिशी उलटली, आता हे शोभतं का?" दिपमालाबाई मान खाली घालून ऐकत. शाळेतल्या मुलींनाही त्यांनी "मला पाहायला येऊ नका" असा निरोप धाडला होता. जानेवारीत धुळ्याला आंतरशालेय स्पर्धा होती आणि मुलींचा सराव त्यांच्याशिवाय चालला होता. तेच त्यांना खात होतं.

पाचव्या आठवड्यात ती दुपार आली. बेबाबाई गच्चीवर तूर वाळत घालत होत्या. दारावरची घंटा वाजली आणि बाहेरून मुलींचा आवाज आला, "बाई, आम्ही आलो!" मुलींनी आपल्याला कुबड्यांवर पाहू नये, असं दिपमालाबाईंना वाटलं. त्यांनी आम्हाला पलंगामागे सरकवलं आणि भिंतीला धरून एका पायावर लंगडी घालत निघाल्या. चार ढांगांतच तोल गेला. डावा पाय खाली आपटला आणि त्या किंचाळून कोसळल्या. आम्ही तिथे हाताच्या अंतरावर होतो, पण स्वतःहून पुढे जाणं कुबडीच्या नशिबी कुठलं?

दाराबाहेर मुली रडायला लागल्या. बेबाबाई दुखरे गुडघे विसरून जिना उतरल्या. पुन्हा दवाखाना, पुन्हा तपासणी. सुदैवाने टाके टिकले होते, पण डॉक्टरांनी पाय न टेकण्याची मुदत आणखी एका आठवड्याने वाढवली.

घरी आल्यावर दिपमालाबाईंनी बोलणंच सोडलं. दुसऱ्या दिवशी त्या ओट्याशीही आल्या नाहीत. प्रेमराजांनी समजावलं, पण त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "माझा पाय गेला, खेळ गेला. तेही माझ्याच हौसेपायी. सगळे म्हणतात तेच खरं."

बेबाबाई पलंगाच्या कडेला बसल्या. थोडा वेळ सुनेच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग अगदी कुतूहलाने त्यांनी विचारलं, "एक सांग वं पोरी. तू पाणीवर उभी ऱ्हायनी, तवय कसं वाटनं तुले?"

दिपमालाबाईंनी मान वळवली. अपघाताला महिना उलटला होता. कसं पडलीस, का गेलीस, हे सगळ्यांनी विचारलं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं.

"आई," त्या हळूच म्हणाल्या, "पायाखाली पाणी कसं टणक लागत होतं. रस्त्यासारखं. वारा तोंडावर येत होता आणि मी ओरडत होते, पण माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता. वीस-पंचवीस आकडे म्हणेपर्यंत उभी होते. तेवढ्या वेळात मला कशाचीही आठवण झाली नाही. ना घराची, ना शाळेची."

"आनि मन्ही?"

"तुमचीसुद्धा नाही."

बेबाबाई खळखळून हसल्या. "माले सांगी जाती तं मी बी तुन्हा संगे ऊनी असती!"

आणि मित्रांनो, दिपमालाबाई इतक्या दिवसांनी हसल्या. हसता हसता रडल्या. मग त्यांनी हात लांब करून आम्हाला जवळ ओढलं.

पुढच्या रविवारी एक मावशी तेच जुनं पुराण घेऊन आल्या, तेव्हा बेबाबाईंनी दारातच त्यांना ऐकवलं, "मन्ही सून पाणीवर उभी ऱ्हायनी. तुमना घरमा कोनी उभं ऱ्हायनं शे का?" मावशींनी निमूटपणे चहा घेतला आणि शिंदखेड्याच्या कापसाचा विषय काढला.

सात आठवडे पुरे झाले. भाविका नावाची फिजिओथेरपिस्ट घरी येऊ लागली. आधी नुसता पंजा टेकवायचा, मग पाव भार, मग अर्धा. एके दिवशी ती म्हणाली, "आता एकच कुबडी. दुखरा पाय डावा, म्हणून कुबडी उजव्या हाताला." माझी बहीण कोपऱ्यात गेली आणि मी एकटी कामाला लागले. मला तिची आठवण यायची, पण एक कुबडी सुटणं ही घरासाठी किती आनंदाची गोष्ट असते, हे मला माहीत होतं. त्या दिवशी बेबाबाईंनी शिरा केला होता.

दुसऱ्या दिवशी दिपमालाबाई मला घेऊन रिक्षाने शाळेत गेल्या. मुली आधी बिचकल्या. "अशा बघताय काय? ही कुबडी आहे," बाई म्हणाल्या. "मी पडले, म्हणून हिच्या आधाराने चालते आहे. चला, खो-खोच्या रांगेत बसा."

पळून दाखवणं आता शक्य नव्हतं. त्या माझ्या टोकाने मातीत रेषा ओढायच्या आणि शब्दांनी सांगायच्या. "तू खो द्यायला अर्धं पाऊल उशीर करतेस. का, ते तूच सांग." मुली विचार करू लागल्या, एकमेकींच्या चुका शोधू लागल्या. मी मैदानाच्या धुळीने माखून जायचे. इतका अभिमान मला बोहल्यावर चढतानाही वाटला नव्हता.

धुळ्याच्या स्पर्धेत मुली उपांत्य फेरीत एका गुणाने हरल्या. शिट्टी वाजली तशा त्या धावत आल्या आणि बाईंच्या गळ्यात पडल्या. एवढ्या जणींचा भार एका पायाला पेलणारा नव्हता. मी रबरी बूट जमिनीत घट्ट रोवला आणि सगळ्यांना सांभाळलं. परतीच्या बसमध्ये बाई उशीवर जपून बसल्या होत्या. पारोळा येईपर्यंत त्यांनी प्रत्येकीला तिने काय चांगलं केलं ते सांगितलं.

होळीच्या सुमारास त्या माझ्याशिवाय चालू लागल्या. एप्रिलमध्ये जिना चढल्या. पावसाळ्यानंतर मैदानावर हळूहळू पळायलाही लागल्या. मी मात्र ते पाहिलं नाही. प्रेमराजांनी आम्हा दोघींना जुन्या गोधडीत गुंडाळून माळ्यावर ठेवलं होतं. त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. संकट सरलं की त्याची खूण डोळ्यांसमोर नको वाटते, आणि आनंदात माणूस विसरतो. वर वर्षभर धूळ बसली. गादीचा कापूस उंदरांनी कुरतडला. रबर तडकलं. लाकडाला वाळवीपेक्षा रिकामपण जास्त पोखरतं, हे मला तिथे कळलं.

मग या उन्हाळ्यात एक दिवस माळ्याचं दार उघडलं आणि उजेड आला. शिडीवर दिपमालाबाई उभ्या होत्या, दोन्ही पायांवर. खालून बेबाबाई विचारत होत्या, "सापडन्यात का वं?"

झालं असं होतं की नाना दिपमालाबाईंना बाजारात भेटले होते. रावेरकडच्या एका गावात उखर्डू नावाचा माणूस ट्रकमध्ये केळीचे घड भरताना पडला आणि त्याचा पाय मोडला. त्याची बायको भागाबाई दोनदा नानांच्या दारातून रिकाम्या हाताने परतली होती. नानांकडे एकही जोडी शिल्लक नव्हती. नाना रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "ताई, तुमच्याकडच्या आहेत का अजून?"

ते ऐकून दिपमालाबाईंचा चेहरा उतरला होता. त्यांनी त्याच दिवशी आम्हाला पुसलं, नवे रबरी बूट आणले. बेबाबाईंनी पुन्हा गाद्या शिवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दिपमालाबाई स्वतः आम्हाला घेऊन उखर्डूच्या घरी गेल्या. तो अंगणात बांबूच्या काठीला टेकून उभा होता. काठीने त्याच्या तळहाताची साल निघाली होती.

"दादा, या जोडीला उशीर झाला, तो माझ्यामुळे," दिपमालाबाई म्हणाल्या. "वर्षभर माझ्या माळ्यावर पडून होती."

उखर्डूने एक हात आमच्या गादीवरून फिरवला. "आली ना बाई, बस झालं," तो म्हणाला.

दिपमालाबाई त्याच्या पायाशी उकिडव्या बसल्या आणि आमचे स्क्रू त्याच्या उंचीला लावू लागल्या. भागाबाईने विचारलं, "हे परत चालतीन ना हो बाई?" बाई म्हणाल्या, "चालतील. पण घाई करू द्यायची नाही. आणि यांच्या शेजारी कुणीतरी उभं राहायचं."

मित्रांनो, पाय मोडला तर कुबडी घ्यायला लाजू नका. बरं व्हायला लागणारा वेळ द्या. आणि ज्या दिवशी तुम्ही आमच्याशिवाय चालाल, त्या दिवशी आनंद करा, गोड खा, पण आम्हाला माळ्यावर टाकू नका. कुठल्या तरी अंगणात कुणीतरी बांबूला टेकून वाट पाहत असतं.

मी आता उखर्डूकडे आहे. आज सकाळी तो पहिल्यांदा आमच्या आधाराने केळीच्या बागेच्या बांधापर्यंत गेला. भागाबाई त्याच्या शेजारून चालत होती.