बकेटला फुटलेला पंजा

वादळात झाड पडलं ते इतक्या शिस्तीत पडलं, की त्याने आधी कोणाची तरी परवानगी काढली असावी अशी धाकट्याला शंका आली. आत्याच्या परसातलं ते म्हातारं, पोकळ झाड कुंपण ओलांडून बरोबर रस्त्यावर आडवं झालं होतं. ना भिंतीला धक्का, ना विजेच्या तारेला. जाताना कपडे वाळत घालायची दोरी तेवढी घेऊन गेलं होतं, आणि तिच्यावरचा एक टॉवेल चिमट्यांसकट अजून वाळतच होता.

रस्तादुरुस्तीवाले येऊन बघून गेले. परवा करवती आणतो म्हणाले. तुकडे केले की रस्ता मोकळा. मग त्यांच्यातला एक जण कुतूहलाने खोडाजवळ गेला, आणि गेला त्याच्या दुप्पट वेगाने परत आला.

"आत माश्या आहेत!"

"मधमाश्या," धाकटा म्हणाला.

"चावतात?"

"ओळख नसेल तर."

"मग आधी धूर मारू," तो मान चोळत म्हणाला, "आणि मग कापू."

हे धाकट्याने आत्याला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, कारण तिने लांबूनच त्या माणसाचे ओठ वाचले होते.

आत्याचे कान कधीचेच गेले होते. यंत्र लावून बघितलं, यंत्र काढून बघितलं, दोन्हींत फरक नव्हता. दाराची घंटा, पडलेली भांडी, धाकटा आणि ताई या भाचा-भाचीची भांडणं, सगळं बंद. मात्र त्या झाडाला कपाळ टेकलं की आतल्या माश्यांची गुणगुण तिच्या हाडांतून वर येई. जगाने तिच्यासाठी शिल्लक ठेवलेला तेवढा एकच आवाज होता. रोज सकाळी ती चहाचा कप घेऊन झाडाला डोकं लावून उभी राही, आणि येणारे-जाणारे डोळे मिचकावत. धाकट्यालाही ती म्हातारपणाची लहर वाटे. एकदा त्याने विचारलं होतं, "काय म्हणतंय झाड?"

"तुला स्थळं येतात का विचारत होतं," आत्या म्हणाली होती. "नाही म्हटलं. त्याला वाईट वाटलं."

आता ती त्याच झाडाच्या पडलेल्या खोडापाशी गुडघे टेकून बसली. कपाळ लावलं, डोळे मिटले. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आहेत. सगळ्या आहेत. घाबरल्यात, पण आहेत." मग भाचीकडे वळून, स्वतःला ऐकू न येणाऱ्या त्या मोठ्या आवाजात, "मला हे परत परसात आणून दे. उलटंपालटं न करता. जसं पडलंय तसं."

ताईने खोडाच्या भोवती एक चक्कर मारली. ताईचं फाटकं, जाळ्या आणि कठडे करायचं शेड होतं, आणि आसपासची निम्मी फाटकं तिच्या हातची होती. बोलणं तिला फारसं जमत नसे. ती मोजत असे.

"शेंडा आणि बूड कापून टाकू. माश्या आहेत तेवढा मधला ओंडका ठेवू," ती म्हणाली. "तरी दहा माणसांना उचलणार नाही. क्रेन गल्लीत वळणार नाही."

"मग?"

"दूधवाल्याचा ट्रॅक्टर."

दूधवाल्याच्या लहानशा ट्रॅक्टरला पुढे लोडर होता, म्हणजे वर-खाली होणारे दोन लोखंडी बाहू, आणि लोडरला शेण भरायची बकेट. पण उघड्या बकेटमध्ये गोल ओंडका म्हणजे ताटात लिंबू. रस्ता संपायच्या आत तो लोळून खाली. वरून धरून ठेवणारं काहीतरी हवं होतं.

"बकेटला पंजा बसवायचा," ताई म्हणाली. "तेलाच्या दाबावर मिटणारा."

"तू कधी केलायस?"

"फाटक मिटतं. पंजाही मिटतो," ताई म्हणाली, आणि एवढ्यावर तिचा अभ्यास पुरा झाला.

दूधवाल्याला मनवणं अवघड गेलं.

"माझ्या बकेटला भोकं पाडणार?"

"चारच," ताई म्हणाली.

"चार भोकांची झाली म्हणजे ती बकेट राहिली का ताई? चाळणी झाली!"

"तुमची गाय फाटकाची कडी काढून बाहेर पडते ना? तिला उघडता येणार नाही अशी कडी देते बसवून."

हे दूधवाल्याच्या घरातलं दुखणं होतं. "कडीत खोट नाही हो," तो हळूच म्हणाला. "गाय हुशार आहे."

"म्हणूनच म्हणतेय."

बकेट मिळाली.

ताईने शेडच्या जमिनीवर खडूने दोन वाकड्या नख्या काढल्या, चारदा पुसल्या आणि पाचव्यांदा काढल्या त्या जाड प्लेटवर गिरवून गॅसने कापल्या. नख्या ज्यांवर फिरणार होत्या त्या पिना धाकटा घासत होता. पंजा मिटवायला तेलाच्या दाबाने लांब होणारे दोन सिलिंडर लागणार होते. भंगारवाल्याकडे दोनच निघाले. एक माल उचलायच्या गाडीचा, जाडा. दुसरा कचऱ्याच्या गाडीचा, बारीक आणि लांब. शेजारी शेजारी ठेवल्यावर ते लग्नाच्या फोटोतल्या जोडप्यासारखे दिसत होते.

आणि वागलेही तसेच. ट्रॅक्टरच्या मागून तेलाचे पाइप पुढे आणले, दांडा ओढला, तर जाडा लगेच निघाला आणि बारीक जागचा हलेना. एक नखी मिटली, दुसरी आभाळाकडे बघत राहिली.

"यांचं पटत नाही," दूधवाला म्हणाला.

ताईने दोन्ही नख्यांच्या मध्ये जाडजूड नळी आडवी जोडून दोघांना एकमेकांशी कायमचं बांधून टाकलं. "आता पटेल," ती म्हणाली.

पुन्हा दांडा ओढला. पाइप अंगात आल्यासारखे ताठ झाले आणि दोन्ही नख्या एकदम, सावकाश, अजिबात आवाज न करता खाली येऊ लागल्या. सकाळपर्यंत त्या शेडच्या कोपऱ्यातल्या प्लेटा होत्या, पायाला ठेच लावणाऱ्या प्लेटा. आता त्या काहीतरी धरायला निघाल्या होत्या. दूधवाल्याने डोक्यावरची टोपी काढली. का काढली हे कळलं नाही म्हणून पुन्हा घातली.

नख्या बकेटच्या ओठाला टेकल्या. ताईने वाकून पाहिलं. कागदही गेला नसता अशा बसल्या होत्या. एरवी न हसणारी ताई हसली.

"आता एक ओंडका घालून बघू," धाकटा म्हणाला.

सरपणातला एक पोकळ, जुना ओंडका बकेटमध्ये ठेवला. नख्या आल्या, ओंडक्याला भेटल्या आणि थांबल्याच नाहीत. चर्र झालं, फट् झालं, आणि नख्या पुन्हा बकेटच्या ओठावर जाऊन तशाच, कागद न जाण्याइतक्या नेटक्या बसल्या. ओंडक्याचे तीन तुकडे आणि बराचसा भुसा बकेटमध्ये पडला होता.

ताईने मूठभर भुसा उचलून पाहिला.

"मी फाटक केलं," ताई म्हणाली. इतकी वर्षं तिने एकच गोष्ट जीव तोडून केली होती: फट राहू द्यायची नाही. हात तसेच चालले होते. आत काही असणार आहे, हे हातांना कोणी सांगितलंच नव्हतं.

शेडच्या दारात आत्या उभी होती. तिने भुसा पाहिला. ती वळली आणि घराकडे निघाली. चालताना ती नेहमी कुंपणाला हात लावत जाई. त्या दिवशी लावला नाही. धाकट्याला ती पाठ बघवेना. उद्या करवती येणार होत्या, आणि इथे त्यांनी आत्याला करवतीपेक्षा वाईट वस्तू करून दाखवली होती.

ताईने कटर पेटवला. नख्यांची टोकं उडवली. त्यांच्या पोटाला रुंद, वाकवलेल्या पट्ट्या जोडल्या आणि पट्ट्यांवर जुन्या टायरचं रबर आवळलं. आता ते नख्या कमी आणि तळवे जास्त दिसत होते. पंजाच्या वाटेवर तेलाचा दाब कमी-जास्त करायचा एक व्हॉल्व्ह होता. तो तिने पुरा ढिला केला.

"किती आवळायचा मग?" धाकट्याने विचारलं.

"कमी आवळला तर निसटेल. जास्त आवळला तर भुसा."

"मधला किती?"

ताईने व्हॉल्व्हवरचा हात काढला. दाबाचं घड्याळ होतं, पण ओंडक्याला किती सोसतं ते घड्याळाला काय माहीत.

सकाळी उजाडताना, माश्या सगळ्या आत असताना, त्यांनी ढोलीच्या तोंडाला बारीक जाळी बांधली. शेंडा आणि बूड आदल्या दिवशीच हातकरवतीने वेगळं केलं होतं. राहिला होता माणूसभर लांबीचा ओंडका, त्यावर दोरी आणि दोरीवर टॉवेल. टॉवेल काढायचं कोणाच्याच मनात आलं नाही. इतक्यातून टिकला होता, त्याचा मान होता.

दूधवाल्याने ट्रॅक्टर पुढे घेतला. बकेटचा ओठ जमिनीला घासत ओंडक्याखाली गेला. पंजा वरून आला आणि रबर सालीला टेकलं. तेवढ्यात आत्या मध्ये आली. अंगावर शाल, हातात चहाचा कप. कप तिने ट्रॅक्टरच्या बोनेटवर ठेवला, गुडघे टेकले आणि ओंडक्याला कपाळ लावलं.

"आत्या, बाजूला हो!" धाकटा ओरडला. मग त्याला आठवलं, आणि समोर जाऊन ओठांनी म्हणाला.

"मी सांगते किती आवळायचा ते," आत्या म्हणाली. "आधी ही धडधड बंद करा. काही कळत नाही."

"बंद?" दूधवाला घाबरला. "आत्याबाई, हा एकदा बंद पडला की दुपारपर्यंत चालू होत नाही. त्याची सवय आहे ती."

"बंद करा," ताई म्हणाली.

इंजिन थांबलं. गल्ली इतकी शांत झाली की बोनेटवरचा कपसुद्धा वाजायचा थांबला. आत्या डोळे मिटून होती. "ठीक आहेत," ती म्हणाली. "अजून थोडा."

ताईने ट्रॅक्टरकडे नुसतं बघितलं. तो पहिल्याच झटक्यात चालू झाला. दूधवाल्याने आश्चर्याने आधी किल्लीकडे आणि मग ताईकडे पाहिलं, आणि पुढे कधीही ताईशी वाद घातला नाही.

व्हॉल्व्ह केसभर फिरवला. दांडा ओढला. इंजिन बंद. आत्याच्या कपाळावर आठी आली. "रागावल्या. थांबा." सगळे थांबले. रस्ता थांबला. सायकलवरचा एक माणूस काही कारण नसताना थांबला. हळूहळू आठी उलगडली. "बसल्या. अजून थोडा."

पुन्हा चालू. पुन्हा केसभर. या वेळी इंजिन बंद झालं तेव्हा धाकट्यालाही ऐकू आलं, लाकडात कुठेतरी बारीकसं करकरलं. आत्याला ते ऐकू येणं शक्य नव्हतं, पण तिचा हात आधीच वर गेला होता, तळवा उघडा, बोटं ताठ.

"बास."

ताईचे हात व्हॉल्व्हवरून उडाले.

मग ओंडका वर आला. आधी जमिनीपासून बोटभर, मग वीतभर. एक अख्खं गाव, त्याच्या राणीसकट, पोराबाळांसकट, भरलेल्या कोठारांसकट, भंगारातल्या दोन विजोड सिलिंडरांच्या कुशीत अधांतरी झालं, आणि आत कोणाची झोपही मोडली नाही. धाकट्याने विनोद शोधला. सापडला नाही. असं त्याला आधी कधी झालं नव्हतं.

ट्रॅक्टर मागे मागे, गोगलगायीला लाज वाटेल अशा चालीने परसाकडे निघाला. शेजारून आत्या चालत होती, ओंडक्यावर तळवा ठेवून, आजारी माणसाला नेताना चालतात तशी. जुन्या बुंध्यापाशी ताईने रात्रीच ओझं टेकवायचे लोखंडी घोडे मांडून ठेवले होते. बकेट त्यांच्यावर टेकली. इंजिन थांबलं.

ताईने सहज पंजाच्या नळीवर हात ठेवला, आणि काढला नाही. तिने धाकट्याला मानेनेच बोलावलं.

त्याने बकेटच्या थंड पत्र्याला कपाळ टेकलं. आधी काहीच नव्हतं. मग होतं. सालीतून रबरात, रबरातून प्लेटेत, त्याने स्वतः घासलेल्या पिनांमधून बकेटमध्ये आणि तिथून त्याच्या दातांपर्यंत एक गुणगुण येत होती, खोल, भरलेली, कुठेही न तुटणारी. कोणीतरी दूरवर, शेकडो घरांत, एकाच वेळी एकच गोष्ट कबूल करत असावं तशी. लहानपणापासून तो या झाडाच्या बाजूने ये-जा करत होता. झाड रोज हेच बोलत होतं, आणि ऐकू येत होतं ते फक्त बहिऱ्या माणसाला.

डोकं उचललं तेव्हा आत्या त्याच्याकडेच बघत होती.

"काय म्हणतंय?" तिने विचारलं.

धाकट्याने कपाळ पुन्हा टेकलं.

पंजा उघडायची वेळ आली तेव्हा ताई वाकून ओंडका निरखत राहिली. मघा करकरलं होतं तिथे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत केसासारखी चीर गेली होती. "सोडला तर दोन फाका होतील," ती म्हणाली. "आता पंजानेच धरून ठेवलाय."

सगळ्यांनी दूधवाल्याकडे पाहिलं.

"माझी बकेट!" तो म्हणाला.

ताईने सिलिंडरांची तोंडं बंद करून तेलाचे पाइप सोडवले आणि लोडरच्या पिना ठोकून काढल्या. पंजा, बकेट आणि ओंडका घोड्यांवर राहिले, आणि रिकामे दोन बाहू पसरून ट्रॅक्टर घरी गेला. करवतीवाले आले तेव्हा रस्त्यावर थोडी पानं होती आणि एक सायकलवाला, जो त्यांना सगळं सांगायला थांबला होता.

दूधवाला दुसऱ्याच दिवशी बकेट मागायला आला. "आत्याबाई, शेणाचा डोंगर झालाय. गाय त्यावर चढून कडी बघते."

आत्याने त्याचे ओठ नीट वाचले, मान डोलावली आणि बोटाने बकेट दाखवली. तो तावातावाने गेला, दोन्ही हातांनी कड धरली, जोर लावायला वाकला, आणि त्याचं कपाळ पत्र्याला टेकलं.

तो तसाच वाकून राहिला. आत्याने तिचा चहा संपवला. ऊन कुंपणावरून खाली उतरलं. जाळी काढलेल्या ढोलीतून माश्या त्याच्या कानाजवळून ये-जा करत होत्या, आणि टॉवेल वाळून कधीच कडक झाला होता.

शेवटी तो सरळ झाला. कपाळावर बकेटच्या कडेचा आडवा वळ उठला होता. त्याने टोपी काढली, आणि या वेळी का काढली हे त्याला कळलं असावं, कारण त्याने ती हातातच ठेवली.

"तुमच्याकडे," त्याने अगदी हळू विचारलं, "एखादं फावडं आहे का?"