जाळीवरचा फेस

गल्लीत त्यांना लहानथोर नकाशेकाका म्हणत. उभा जन्म पाणी खात्यात पाइपांचे नकाशे काढण्यात गेलेला. निवृत्तीनंतरही जमिनीखालचं काय कुठून कुठे जातं, ते त्यांना तोंडपाठ. मोरीचं पाणी शुद्धीकरण केंद्रात जातं. पावसाळी गटारातलं मात्र न गाळता सरळ खालच्या तळ्यात. शिकल्यासवरल्या लोकांना एवढा साधा फरक कळू नये, याने त्यांचं डोकं उठायचं. स्वतः ब्रश घेऊन त्यांनी गल्लीतल्या पावसाळी गटाराच्या जाळीशेजारी ‘इथून थेट तळ्यात’ असं ठसठशीत रंगवलं होतं.

तरी त्याच जाळीवर रोज सकाळी दहानंतर साबणाचा फेस यायचा. तळ्याच्या काठाला मेलेले मासे लागू लागले, तशी काकांनी कंबर कसली. संशय घ्यायला शेजारची लॉन्ड्रीवाली होतीच, खाली दुकान आणि वर एकटीचं बिऱ्हाड. तिला विचारलं नाही की सांगितलं नाही, सरळ वॉर्ड ऑफिसात तक्रार ठोकली. माणसं आली, तिचं दुकान उलटंपालटं केलं, हात हलवत परत गेली. मग काका हिरवा रंग घेऊन घरोघर फिरले. घरच्यांनी मोरीत रंग ओतायचा आणि काकांनी जाळीपाशी उकिडवं बसून बघायचं. लॉन्ड्रीवालीकडे तर दोनदा. पाणी काही हिरवं झालं नाही, पण गल्लीने त्यांच्याशी बोलणं टाकलं.

बायकोला जाऊन दीड वर्ष झालं होतं. मुलगी फोनवर “जेवलात ना?” एवढं विचारून घाईने ठेवून द्यायची. कधीकधी दिवसभर तोंडातून शब्द निघत नसे. संध्याकाळी काका उगीच घसा खाकरून बघत.

घरोघरच्या तपासणीची नोंद ठेवलेल्या वहीत एकच रकाना कोरा होता, स्वतःच्या घराचा. तशी गरज नव्हती, पण अर्धवट कागद काकांना बघवत नसे. पंचाईत अशी की या कामाला दोन माणसं लागतात, एक ओतायला आणि एक बघायला. दुसरं माणूस आणायचं कुठून? मोरीत रंग ओतून ते स्वतःच धापा टाकत जिना उतरले. काही नाही. मग कपडे धुण्याच्या मशीनमध्ये रंग टाकला, पाणी सुटायची वेळ घड्याळात धरली आणि पुन्हा खाली गेले. जाळीखालून हिरवंगार पाणी खळाळत गेलं.

बायकोचे गुडघे दुखायचे म्हणून तिच्यासाठी कपड्यांचं मशीन मागच्या बाल्कनीत हलवलं होतं. प्लंबरने सोयीचं बघून त्याचा पाइप गच्चीच्या पावसाळी पाइपात खुपसून दिला होता. गावाचे पाइप मोजणाऱ्या माणसाने स्वतःच्या भिंतीकडे कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. काका तिथेच फुटपाथवर बसले. गुपचूप पाइप बदलला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण मग लॉन्ड्रीवालीवरचा संशय कायमचा राहिला असता. लाज तर वाटत होतीच, त्याहून जास्त भीती वाटत होती. आता बोलायला गेलं तरी ऐकून कोण घेणार?

लॉन्ड्रीवाली इस्त्री करत होती. काकांनी दारात उभं राहूनच सगळं सांगून टाकलं.

“माहितेय मला,” ती म्हणाली. “तुमचं मशीन लागलं की फेस यायचा. आपली भिंत एकच आहे.”

“मग बोलला का नाहीत?”

“आधी रागाने. म्हटलं, शोधू देत.” तिने शर्टाची घडी घातली. “मग मनात आलं, एकट्या माणसाला रोज मशीन लावण्याइतके कपडे येतात कुठून?”

बायको रोज दहाला मशीन लावायची. ती गेल्यावरही काका त्याच वेळेला लावत, कधी नुसता टॉवेल, कधी कालचा धुतलेलाच शर्ट. तेवढा पाऊण तास घरात कुणीतरी वावरतंय असं वाटायचं. हे त्यांनी मुलीलाही सांगितलं नव्हतं.

“तळ्याचं वाईट वाटायचं. चुकलंच माझं,” ती म्हणाली. “पण सांगितलं असतं तर तुम्ही मशीन बंद केलं असतं. मग माझ्याही घरात काही ऐकू आलं नसतं.”

एवढं बोलून तिने पुढचा शर्ट ओढला. काका दारातच उभे राहिले. जा असं ती म्हणाली नव्हती.