सोबत कोण

सतरा नंबरचं टोकन कमी भरलं म्हणून मी शिपायाची चांगलीच हजेरी घेतली. एक ते चाळीस अशी पितळी टोकनं दारातल्या खिळ्यांवर असतात. आलेल्याने एक उचलायचं, बाकावर बसायचं आणि नंबर पुकारला की माझ्या खिडकीत द्यायचं. लोक ती खिशात घालून चालते होतात आणि वरिष्ठांची बोलणी मी खातो. शिपाई म्हणाला, मिळेल हो, टोकन घेऊन कोण काय करणार आहे.

मी मानसोपचार विभागात केसपेपर लिहितो. एकवीस वर्षं झाली. डॉक्टरांकडे जाण्याआधी तक्रार माझ्याकडे नोंदवायची. कोणाची बायको दिवसभर हात धुते, कातडी सोलवटली तरी थांबत नाही. कोणाला अचानक धडधडतं, आता मरतो असं वाटतं, आणि छातीच्या सगळ्या तपासण्या मात्र ठीक. कोणाचा मुलगा रिकाम्या खोलीत कोणाशी तरी भांडतो. कोणी म्हणतं, हिला दुखत नाही, खुपत नाही, पण ही हसायचंच विसरली. ऐकून ऐकून मी अर्धा डॉक्टर झालो होतो. शेजारीपाजारी सल्ला विचारायचे आणि मी तो ऐटीत द्यायचो.

खिडकीचे नियम दोन. पहिला विभागाचा. पहिल्या खेपेला घरचं माणूस बरोबर हवं, कारण आजारी माणूस आपलं सगळं सांगत नाही. केसपेपरवर तसा रकानाच आहे, ‘सोबत कोण’. त्यात नातं लिहायचं. एकटा आलेला परत पाठवायचा. दुसरा नियम माझा स्वतःचा, मान वर करायची नाही. इथे यायची लोकांना लाज वाटते. आपल्याला कोणी पाहिलं नाही, एवढं तरी समाधान त्यांना मिळावं. खरं सांगतो, या नियमाचा मला अभिमान होता.

दादा माझा थोरला भाऊ, शिंपी. आईवडील लवकर गेले, मला त्यानेच वाढवलं. माप घेताना गिऱ्हाइकाच्या पोटाची यथेच्छ टिंगल करायचा, तरी गिऱ्हाईक त्याच्याकडेच यायचं. गेल्या वर्षी तो गप्प गप्प झाला. वहिनी सांगायची, भाऊजी, यांना पहाटेच जाग येते आणि मग नुसते बसून राहतात. जेवण दोन घासांवर आलं होतं. एक साधा सदरा तीन आठवडे मशीनवर पडून होता, बाही काही लागेना. एकदा तो मला म्हणाला, “तुम्हा सगळ्यांना माझा नुसता भार झालाय रे.”

मी हसून म्हटलं, “निम्मा झालायस तू दादा, भार कसला?”

हेच खिडकीत परक्या कोणी सांगितलं असतं, तर लाल शाईने खूण करून मी त्याला सगळ्यांच्या आधी आत धाडलं असतं. पण हा दादा होता. आपल्या माणसाला तसलं काही होत नाही, असं मी धरूनच चाललो होतो.

टोकन हरवल्याच्या चौथ्या दिवशी दादाने जीव दिला.

महिन्याभराने वहिनीने कपाटातून त्याचे कपडे काढले. हा तुम्हाला बसेल, म्हणत एक सदरा माझ्या हातात दिला. खिसा जड लागला. आत सतरा नंबर होता.

मग सगळं आठवलं. मी सतरा पुकारलं होतं. खिडकीच्या फळीवर एक हात आला होता, नखांत निळ्या खडूची पूड. कोणीतरी मास्तर दिसतोय, असं माझ्या मनात आलं होतं. शिंप्याचा खडू मी ओळखला नाही. मान खाली घालूनच मी विचारलं होतं, “सोबत कोण आहे?” उत्तर आलं नाही. उद्या घरच्या माणसाला घेऊन या, असं मी सांगितलं. तो हात थोडा वेळ फळीवर राहिला, मग निघून गेला. मी अठरा पुकारलं.

घरचं माणूस खिडकीच्या आत बसलं होतं. तो माझ्याकडेच आला होता.

वहिनीला मी हे सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण तिने सदरा परत घेतला आणि त्याची घडी घालू लागली.

“म्हणजे त्यांना जगायचं होतं,” ती म्हणाली.

टोकन घेऊन घरी आलो. दुसऱ्या दिवशी ते त्याच्या खिळ्यावर लावलं.

आता मी मान वर करतो. काही लोक त्याने अवघडतात, अवघडोत. काल एक सुतार आला, एकटाच. टोकन मुठीत आवळून उभा राहिला. सोबत कोणी नाही, घरी सांगितलेलं नाही, असं पुटपुटला आणि वळायलाच लागला. मी त्याला थांबवलं, खिडकी सोडून बाहेर आलो आणि त्याच्याबरोबर डॉक्टरांच्या दाराकडे निघालो. शिपाई मागून म्हणत होता, अहो, लोक खोळंबलेत.

दाराशी पोहोचल्यावर लक्षात आलं, रकाना कोराच राहिला होता. मी केसपेपर भिंतीला लावला आणि ‘सोबत कोण’च्या पुढे लिहिलं, भाऊ.