निळ्याचा हिरवा

मधुवंतीने आठवडाभर खपून काचेच्या छोट्या तुकड्यावर चौदा थर चढवले. एक टायटॅनियम ऑक्साइडचा, त्यावर एक ॲल्युमिनियम ऑक्साइडचा, परत तसेच. द्रावणाचा थेंब टाकायचा, काच गरगर फिरवायची, भट्टीत भाजायची. रंगाचा कण नसताना, केवळ थरांवरून परतणाऱ्या प्रकाशामुळे काच रंगीत दिसते. याला फोटॉनिक क्रिस्टल म्हणतात, आणि इंदूरच्या त्यांच्या कॉलेजात ते पहिल्यांदाच बनत होते.

तिच्यासोबत काम करणाऱ्या मानसच्या कॉम्प्युटरवरच्या मॉडेलप्रमाणे काच हिरवी दिसायला हवी होती. ती निळी दिसत होती. सलग तिसऱ्यांदा.

"थर पातळ झालेत तुझे," मानस म्हणाला. तो सांगलीचा, दोन वर्षांपूर्वी इथे आलेला.

"देख भिया," इंदूरमध्येच वाढलेली मधुवंती म्हणाली, "जाडी मी खुद मोजली आहे. तुझ्या मॉडेलमध्येच गडबड आहे."

"मॉडेलमध्ये तू मोजलेलीच जाडी घातलीय. मोजणंच चुकलं असेल."

मधुवंतीने काच उचलली. काचेवर बोटाचा डाग पडला होता. पुसावा म्हणून तिने चष्म्यावर सोडतात तशी तोंडाची वाफ सोडली आणि ओढणी हातात घेऊन तशीच थांबली.

निळी काच हिरवी झाली होती. दोन सेकंदांत ती परत निळी झाली.

तिने पुन्हा वाफ सोडली. हिरवी. तिने मानसची बाही ओढली.

"यावर हाः कर."

"काय?"

"कर तर सही."

त्याने केलं. मग परत केलं. मग खुर्ची सरकवून उभा राहून केलं.

"वाफ आत जातेय," तो म्हणाला.

"आत म्हणजे कुठे? थर तर भरीव आहेत."

बोलता बोलताच दोघांच्याही लक्षात आलं. थर भरीव नव्हतेच. ढोकळ्यासारखी जाळी होती त्यांत, आणि जाळीत हवा. मानसने मात्र प्रकाश किती वाकतो त्याचा पुस्तकातला, भरीव ऑक्साइडचा आकडा मॉडेलमध्ये घातला होता.

"म्हणजे चूक माझी," तो म्हणाला, इतक्या आनंदाने की जणू बक्षीसच लागलं होतं. त्याने थरांत चाळीस टक्के हवा धरली. मॉडेलची रेघ सरकली आणि मधुवंतीने काचेचा रंग मोजून काढलेल्या रेघेवर अलगद जाऊन बसली. मग हवेच्या जागी पाणी धरलं, तर रेघ हिरव्याकडे गेली.

दोघं पळतच त्यांच्या गाइडच्या, श्रीहरी सरांच्या केबिनमध्ये शिरले. सरांना हसताना विभागात कुणी पाहिलं नव्हतं.

"सर, यावर हाः करा," मधुवंती म्हणाली.

सरांनी दोघांकडे पाहिलं, काच घेतली आणि गंभीरपणे वाफ सोडली. काच हिरवी झाली. सरांचा चेहरा हलला नाही.

"जाळीदार थर," ते म्हणाले. "हवेतला ओलावा मोजता येईल याने. लिहायला घ्या. आणि काच राहू द्या इथे, मी जरा तपासतो."

दार लावून दोघं बाहेर आले आणि खिडकीच्या फटीतून आत पाहू लागले. सरांनी काच उजेडात धरली, हाः केलं. हात लांब करून केलं. कोपऱ्यात जाऊन केलं. मग त्यांचे खांदे गदगदा हलायला लागले.

मधुवंती पोट धरून हसत कॉरिडॉरच्या फरशीवर बसली. शेजारी मानसही बसला.

"आता सोळा थर करूया?" त्याने कसंबसं विचारलं.

"बीस," ती हसता हसता म्हणाली.