पाचवा शनिवार, एकही ट्राउट नाही

सलग पाचव्या शनिवारी माझ्या गळाची पिसांची नकली माशी काठच्या विलो झाडाच्या फांदीत अडकली, तेव्हा मागून इंगा म्हणाली, "सर, मासे खाली असतात. पाण्यात."

गुडघाभर पाण्यात उभं राहून बधिर बोटांनी फांदीतून तंगूस सोडवणाऱ्या माणसाकडून कुणी उत्तराची अपेक्षा करू नये.

इंगा रुडस्टॅड माझी जुनी विद्यार्थिनी. आमच्या गावच्या शाळेत मी एकतीस वर्षं पोरांना गाडी चालवायला शिकवली. सतरा वर्षांच्या इंगाला मी दोनदा नापास केलं होतं. आता ती चाळिशीची आहे, गळाच्या माश्या बांधून विकते, आणि विस्कॉन्सिनच्या या कोपऱ्यात नदीवर तिच्या तोडीचं कुणी नाही. मी निवृत्त झाल्यावर डोरीननं, म्हणजे बायकोनं, गळाची काठी भेट दिली आणि मला न विचारता इंगाकडे शिकवणीही लावली.

जानेवारीत धरलेला ट्राउट मासा लगेच सोडावा लागतो, नियमच आहे. म्हणजे तव्याचीही आशा नाही. आमची नदी झऱ्यांची, ती गोठत नाही. दोरी मात्र गोठते. दोरी ओवलेल्या काठीच्या कड्यांत दर दहा मिनिटांनी बर्फ साचतो आणि दोरी पुढे सरकत नाही. मग कडी तोंडात धरून बर्फ वितळवायचा. त्या दिवशी माझा ओठच कडीला चिकटला. सोडवताना सालटं निघालं.

"वरच्या अंगाला टाका," इंगा म्हणाली. "प्रवाहाबरोबर येऊ द्या. दोरीवरचा तरंगता नारिंगी गोळा थबकला, म्हणजे मासा लागला. नुसतं मनगट उचला."

"थबकतोय कुठे तो!"

"आत्ताच थबकला होता."

"कधी?"

"तुम्ही माझ्याशी भांडत होतात तेव्हा."

पुढच्या खेपेला गोळा खरंच बुडाला. मी काठी अशी हिसडली, की तंगूस तुटलं आणि मासा माशी घेऊन गेला. माझं डोकं फिरलं.

"तुला शिकवताच येत नाही! नुसती मागे उभी राहून टोमणे मारतेस!"

तिनं तंगुसाचं तुटलेलं टोक हातात घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही मला गाडी शिकवत होतात, मागच्या सीटवर तीन पोरं बसली होती. त्यांच्यासमोर तुम्ही म्हणालात, हिला ट्रॅक्टर द्या, हिला वळायला शेत लागतं. मी दोन वर्षं गाडीला हात लावला नाही, सर. चीजच्या कारखान्यातली नोकरी हातची गेली. बारा मैल चालत कशी जाणार होते?"

मला यातलं काहीच आठवत नव्हतं. तेच जास्त लागलं.

"मग मला का शिकवतेस?"

"डोरीननं विचारलं म्हणून. आणि खरं सांगू? तुम्हाला चुकताना बघायचं होतं. पहिले दोन शनिवार फार मजा आली. आता नाही येत. आता तुम्हाला मासा लागला नाही, तर नापास मी होणार."

मी माफी मागायला तोंड उघडलं.

"पाण्याकडे बघा," ती म्हणाली, आणि नवी माशी बांधून दिली.

चौथ्या फेकीला गोळा थबकला. मी मनगट उचललं. काठी वाकली, जिवंत झाली. पण कड्यांत बर्फ. दोरी आत येईना.

"मागे चाला! काठावर या! काठी वर!"

मी उलटा चालत काठावर आलो आणि बर्फात बसकण मारली. मासा ओढत उथळ पाण्यात आला. तपकिरी, पोटाशी पिवळा, अंगावर लाल ठिपके. मी झेप घेतली.

"हातमोजा काढा! हात ओला करा! सर, थांबा, मी जाळी..."

मी थांबलो नाही. लोकरीच्या मोज्यात तो क्षणभर वळवळला, गळ निसटला आणि मासा गेला.

"हा पकडला असं धरायचं," मी म्हणालो.

"नाही."

"हातात होता माझ्या!"

"जाळीत नव्हता."

मी तिच्याकडे न बघता म्हणालो, "इंगा, ते ट्रॅक्टरचं मी बोलायला नको होतं."

"नकोच होतं," ती म्हणाली. "बोटं आखडलीत माझी. मी गाडीत बसते. तुम्ही टाका अजून."

मी अर्धा तास टाकत राहिलो, नदीला शिव्या घालत. काहीच लागलं नाही.

घरी डोरीननं दार उघडून विचारलं, "मिळाला का?"

"नाही," म्हटलं, आणि गोठलेल्या बुटांच्या नाड्या सुटेनात म्हणून पायरीवरच बसून राहिलो.