बाराव्याआधी लाल

किशनगडला संगमरवर कापताना पांढरा गाळ निघतो, तो टँकरने आणून गावाबाहेर ओततात. ओतता ओतता त्याचे डोंगर झाले, मधे निळं पाणी साचलं, आणि शहाण्यासुरत्या माणसांना तिथे हिमालय दिसू लागला. लग्नाआधीच्या फोटोंसाठी नवऱ्या मुली घोळदार झगे घालून गाळात लोळतात, होणारे नवरे त्यांना उचलून धापा टाकतात. टँकर चालवणाऱ्या तेजारामला काचेतून हे रोज दिसे. उकिरड्यावर चढून कुणाला स्वर्ग दिसत असेल तर दिसो बापडा. तो थुंकायचा आणि पुढे जायचा.

आज मात्र दिल्लीचा फोटोग्राफर सूद टँकरला आडवा आला. त्याला जोडपी नको होती, ‘खरा माणूस’ हवा होता. शहरं, कारखाने, कारखान्यांनी रंगवलेली माती, असं फोटोंचं जाडजूड पुस्तक तो करत होता. हातात लाल साफा होता, झगे-साफे भाड्याने देणाऱ्या सुगनीच्या दुकानातला.

“हा बांधा, काका. पांढऱ्या गाळावर पांढरा साफा, तुम्ही दिसणारच नाही.”

“बाप जाऊन सहा दिवस झालेत,” तेजाराम म्हणाला. “दिसायचंय कुणाला?”

“दोन मिनिटांचं तर काम.”

“सुतकातला पांढरा उतरवून लाल बांधतो तो सासरा, तेही बाराव्याला. तू सासरा लागतोस माझा? मग तुझी लेक वीस वर्षं माझ्याशी भांडतेय, तिला समजाव आधी!”

दुकानाच्या दारातून सुगनी खिदळली. “भावजी, जावयाचा मानही मागून घ्या!”

सूदही हसला, अगदी गोड. “राहू द्या पांढराच. लाल मी मागाहून करीन, कॉम्प्युटरवर.” आणि त्याने कॅमेरा डोळ्याला लावला.

तेजारामचं हसू विझलं. बापाने हयातभर करवतीखालचं पांढरं अंगावर वागवलं. लेकाने बारा दिवस डोक्यावर वागवायचं, तेवढंही हा माणूस बोटाने पुसणार. छापील पुस्तकात तेजाराम सहाव्या दिवशीच लाल होऊन बसणार, जन्मभर.

त्याने दोन्ही हातांनी साफा उतरवला.

सुगनीने पदर तोंडावर ओढला. चारचौघांत त्याला बोडका पाहणं तिला सोसवेना. तुळतुळीत डोकं, मागे बोटभर शेंडी.

“रंगव आता. टाळू रंगव, शेंडी रंगव, कान राहिले तर तेही रंगव. दुनिया तुला भिंत वाटते, दिसली की फासला चुना! हा पांढरा मात्र माझ्या बापाचा आहे.” साफा त्याने सदऱ्यात कोंबला.

सूदने कॅमेरा खाली घेतला. “साफ्याशिवाय काय मजा? असे तर तुम्ही कुणीही वाटता.”

“कुणीही बरा. सरक, गाळ ओतायचाय. बूट महागाचे दिसतात.”

टँकरचं तोंड उघडलं. सूद उड्या मारत पळाला, तिकडे तेजारामने पाहिलंही नाही. केबिनमध्ये बसून तो साफा बांधू लागला. पहिला वेढा तिरका गेला. त्याने तो सोडवला, मांडीवर सरळ केला, आणि बाप बांधायचा तसा, कानापासून, पुन्हा सुरू केला.